पश्चात पत्नी, दोन मुले, एक भाऊ

चाळीस-पंचेचाळीसचा माणूस अचानक गेला की वसईत मयताच्या अंगणात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "प्यायचा का?" नाही म्हटलं की दुसरा येतो. "मग खायचा काय?" त्यालाही धड उत्तर मिळालं नाही की कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "टेन्शन घेतलं असणार." गेलेल्याचं काहीतरी चुकलं होतं, एवढं एकदा ठरलं की बाकीचे निर्धास्त होऊन घरी जातात. आपण पीत नाही, सकाळी चालायला जातो, म्हणजे आपल्याला काही होणार नाही.

वीसेक वर्षं या भागात बातमीदारी करतोय. पाणी, रस्ते, लोकलची गर्दी, बेकायदा बांधकामं यांवर इथे नेहमी लिहितो. आजचा विषय तब्येतीचा वाटेल, पण तोही सार्वजनिकच आहे. आणि तो माझ्या रक्तात आहे, अगदी शब्दशः. थोडं लांब झालंय, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात कुणी पन्नाशीच्या आत हार्टने गेलंय, त्यांनी तर नक्कीच.

माझे वडील १९९० साली गेले. वय ४४. आमची केळी-मोगऱ्याची वाडी. पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या दादरला न्यायच्या, दुपारी परत येऊन वाडीत शिंपणं करायचं, हा त्यांचा दिवस. तंबाखू नाही, दारू नाही. जेवण म्हणजे भात, कालवण आणि वाडीतली भाजी. अंगावर चरबी नावाला नव्हती. काका शाळामास्तर, ते ४९ व्या वर्षी गेले. आजीच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळट चट्टे होते आणि टाचेमागची शीर बोटाएवढी जाड होती. "आयुष्यभर वाडीत अनवाणी राबली, त्याचंच ते," असं सगळे म्हणायचे. वडिलांच्या टाचाही तशाच होत्या, असं आई सांगते.

३७ व्या वर्षी माझं पहिल्यांदा रक्त तपासलं गेलं. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, २५२. मोठ्या माणसात हा आकडा १९० च्या वर गेला की रक्तातून आलेल्या दोषाची शंका घ्यायची असते. त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तेल-तूप बंद करा, चाला, सहा महिन्यांनी या." मी सगळं केलं. सायकलवर अर्नाळा गाठायचो, तळलेलं तोंडाला लावलं नाही, सुकट-भाताच्या जेवणातही तेल मोजून घातलं. सहा महिन्यांनी आकडा आला २३१. ३८ व्या वर्षी माझ्या हृदयात एक स्टेंट बसला. त्यानंतर मुंबईतल्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी माझे मोजे काढायला लावले आणि टाचेमागची शीर चिमटीत धरून विचारलं, "घरात आणखी कुणाची अशी आहे?"

आमच्या तीन पिढ्यांना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. वैद्यकशास्त्राला मात्र तो १९३८ पासून माहीत होता.

आता थोडा इतिहास. माणसं पहिल्यांदा जेवणाच्या ताटाकडे का बोट दाखवतात, हे त्यावरून कळेल.

१९१३ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खायला घातलं आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर बसलेले दाखवले. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावात हजारो माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा सुरू झाला. त्यातून रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का झाला. हे सगळं खरंच आहे. पण लोकांपर्यंत पोहोचताना त्याचं एक वाक्य झालं, "तेलकट-तुपकट खातो त्याला हार्ट ॲटॅक येतो." वाक्य सोपं होतं, म्हणून ते टिकलं.

त्या वाक्याला पहिला धक्का देणाऱ्यांत आपली पश्चिम रेल्वे होती, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. ज्या रेल्वेने आपण रोज चर्चगेट गाठतो, तिच्या वैद्यकीय विभागातले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या अकरा लाखांहून जास्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या. १९६७ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा अभ्यास आला. पंजाबकडचे कर्मचारी दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त स्निग्ध पदार्थ खात होते, तेही मुख्यतः दूध-तुपातून. तरीही हृदयविकार दक्षिणेत सुमारे सातपट जास्त निघाला. मल्होत्रांनी त्याची कारणं खाण्याच्या पद्धतीत आणि स्निग्धाच्या प्रकारात शोधली, आणि त्यांच्या त्या निष्कर्षांवर वाद होऊ शकतो. तूप खुशाल खा, असाही याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की नुसतं ताट पाहून कोण वाचेल आणि कोण जाईल हे सांगता येत नाही.

मग आणखी काय पाहायचं? ते त्याआधीच ऑस्लोमध्ये एका डॉक्टरने पाहिलं होतं. नॉर्वेचे कार्ल म्युलर. त्यांच्याकडे छातीत कळ येणारे काही रुग्ण होते, त्यांच्या हाताच्या आणि टाचेच्या शिरांवर गाठी होत्या, काहींच्या पापण्यांवर पिवळे चट्टे होते. म्युलर एका रुग्णावर थांबले नाहीत. त्यांनी त्याच्या भावंडांना, मुलांना आणि आईवडिलांना तपासलं. अशी १७ कुटुंबं त्यांनी मांडली आणि १९३८-३९ च्या लेखांतून दाखवून दिलं की गाठी, रक्तातलं वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार हे तिन्ही एकत्र, एकाच घराण्यात, पिढ्यानपिढ्या उतरतात. माझ्या आजीच्या टाचेचं वर्णन तिच्या तरुणपणीच ऑस्लोत छापून आलं होतं म्हणायचं.

१९६४ साली बैरूतमध्ये अवेदिस खाचादुरियन यांनी लेबनॉनमधल्या कुटुंबांवरून पुढची पायरी स्पष्ट केली. दोष आईकडून किंवा वडिलांकडून, एकाच बाजूने आला तर कोलेस्टेरॉल साधारण दुप्पट होतं आणि हृदयविकार तिशी-चाळिशी-पन्नाशीत गाठतो. दोन्हीकडून आला तर आकडा सहाशे-हजारच्या घरात जातो आणि लहान वयातच झटका येतो. जिथे नात्यात किंवा एकाच छोट्या समाजात लग्नं होतात, तिथे हा दुसरा प्रकार जास्त दिसतो. लेबनॉनचे ख्रिस्ती, कॅनडातले फ्रेंच, दक्षिण आफ्रिकेतले आफ्रिकानर ही त्याची जगप्रसिद्ध उदाहरणं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावताना पत्रिका पाहतात, मानपान पाहतात. दोन्ही घरांत तरुण माणसं हार्टने गेली आहेत का, एवढं मात्र कुणी पाहत नाही.

हा दोष शरीरात नेमकं काय करतो, ते शोधलं अमेरिकेतल्या डॅलसच्या दोन तरुण डॉक्टरांनी, मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी. सहा वर्षांची मुलगी आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ, दोघांनाही हृदयविकार, असे रुग्ण त्यांनी पाहिले होते. त्या वयाच्या पोरांना कोण म्हणणार की तुम्ही तळलेलं फार खाल्लं? १९७३-७४ मध्ये त्यांनी निरोगी माणसांच्या आणि अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी शेजारी-शेजारी वाढवून पाहिल्या. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत ओढणारी एक जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. रुग्णांच्या पेशींत ती नव्हती किंवा काम करत नव्हती. या शोधासाठी दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं.

आपल्या भाषेत सांगतो. रक्त म्हणजे रस्ता, एलडीएल म्हणजे त्यावरचा कचरा, आणि यकृत म्हणजे घंटागाड्यांचा डेपो. कचरा थोडा आपण बाहेरून आणतो, पण बराचसा शरीर स्वतःच तयार करतं. बाकीच्यांच्या डेपोतून शंभर गाड्या निघत असतील, तर आमच्यासारख्यांच्या डेपोतून पन्नासच निघतात, तेही जन्माच्या पहिल्या दिवसापासून. मी घरचा कचरा कितीही कमी केला, तरी गल्लीत ढीग राहणारच. माझा आकडा २५२ वरून २३१ वर का अडकला, त्याचं उत्तर एवढंच. आहाराने कोलेस्टेरॉल उतरतं, पण या प्रकारात फार तर दहा-पंधरा टक्के.

डेपो यकृतातच आहे, याचा सगळ्यात कठोर पुरावा १९८४ मध्ये मिळाला. टेक्सासची सहा वर्षांची स्टॉर्मी जोन्स, दोन्हीकडून दोष आलेली. फेब्रुवारी १९८४ मध्ये पिट्सबर्गला डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या पथकाने तिच्यावर हृदय आणि यकृताचं एकत्र प्रत्यारोपण केलं. जगातली ही पहिली अशी शस्त्रक्रिया. तिचं कोलेस्टेरॉल हजारावर होतं. नवं यकृत बसल्यावर ते तीनशेच्या आसपास आलं. खाणं तेच, पोर तीच, डेपो बदलला. स्टॉर्मी १९९० मध्ये, तेरा वर्षांची असताना गेली.

त्याच वर्षी, २० जुलै १९८४ ला, अमेरिकेत जिम फिक्स हा माणूस पळता पळता रस्त्यावर कोसळून मेला. वय ५२. त्याचं नाव आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही, पण सकाळी रस्त्यावर धावणं ही जी जगभरची टूम आहे, ती रुजवणाऱ्यांपैकी तो एक. १९७७ चं त्याचं धावण्यावरचं पुस्तक दहा लाखांवर खपलं होतं. तो गेल्यावर लोकांना हसायला निमित्तच मिळालं, "बघा, पळून काय झालं?" शवविच्छेदनात त्याच्या तिन्ही मुख्य धमन्या अडलेल्या निघाल्या, एक तर जवळजवळ पूर्ण. आणि मग दुसरी गोष्ट पुढे आली. त्याच्या वडिलांना पहिला झटका आला होता ३५ व्या वर्षी, आणि ते गेले ४३ व्या वर्षी.

फिक्सला नेमका हाच जनुकीय दोष होता, असं मी म्हणत नाही. पण हिशोब करा. वडील ४३ ला गेले, मुलगा ५२ ला. पस्तिशीपर्यंत मुलगा दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढणारा आणि चांगलाच जाड होता. पळायला लागला, सिगारेट सोडली. वडिलांपेक्षा त्याला नऊ वर्षं जास्त मिळाली, त्यात धावण्याचा वाटा नसेल असं म्हणवत नाही. धावण्याने त्याला दगा दिला नाही. धावतोय म्हणजे तपासायची गरज नाही, या समजुतीने दिला. २०११ पासून आपल्याकडे वसई-विरारची मॅरेथॉन होते आणि आपली पोरं तिथे नाव काढतात, याचा अभिमान आहेच. फक्त घरात तरुण मरण झालेलं असेल तर बूट घेण्याआधी रक्त तपासून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

आता औषधाची गोष्ट, आणि ही शेतकऱ्याच्या घरातून सुरू होते. जपानच्या उत्तरेला अकिता भागात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले अकिरा एंडो यांना लहानपणापासून बुरशीचं वेड. बुरशीतून पेनिसिलिन निघालं, तर कोलेस्टेरॉल रोखणारं काही का निघू नये, असा त्यांचा विचार. सांक्यो कंपनीत १९७१ पासून दोन वर्षांत त्यांनी सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. सापडलं ते क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत. पावसाळ्यात आपल्या कणगीत दिसते, त्याच गोतावळ्यातली ही. १९७८ मध्ये ओसाकाला डॉ. अकिरा यामामोतो यांनी ते औषध पहिल्यांदा दिलं, तेही एका १८ वर्षांच्या मुलीला, जिला दोन्हीकडून हा दोष आला होता. म्हणजे आज ज्या गोळ्या कोट्यवधी लोक घेतात, त्यांचा पहिला रुग्ण आमच्यातलाच होता. एंडो २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले.

या जातीतलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. १९९४ मध्ये नॉर्वे, स्वीडन आणि आसपासच्या देशांतल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास आला. स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. या गोळ्या यकृताला कोलेस्टेरॉल कमी बनवायला लावतात. मग यकृत रक्तातून जास्त उचलायला लागतं, म्हणजेच डेपोतून घंटागाड्या वाढतात. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ही औषधं स्वतः बनवली आणि ती स्वस्त झाली. आज अटॉर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी दुकानात मिळतं. माझा एलडीएल दोन गोळ्यांवर आज ९६ आहे. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च घरातल्या मोबाइलच्या बिलाएवढा.

वडील गेले १९९० मध्ये. गोळी निघाली १९८७ मध्ये. ती तेव्हा वसईत मिळाली असती का, या प्रश्नात मी जात नाही. पण काका गेले २००१ मध्ये. तेव्हा ती विरारपासून नायगावपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत होती. काकांचं रक्त मात्र एकदाही तपासलं गेलं नव्हतं, कारण ते बारीक होते, शाकाहारी होते, आणि रोज शाळेत चालत जायचे.

"हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे कुठे?" असं वाटणाऱ्यांसाठी. १९८९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी याच जनुकातला एक बदल भारतीय मूळ असलेल्या रुग्णात शोधला, त्याला नावच 'गुजरात' पडलं. पुढे तो दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांतही सापडला. गुजरातची हद्द आपल्या पालघर जिल्ह्याला लागूनच आहे. २००० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. टेस्टर अशावैद, डॉ. के. जी. नायर आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांमध्ये या जनुकातले दोन बदल दाखवले. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येताना दिसला, इतरांना जवळपास ५९ व्या. त्यामागे मधुमेह, तंबाखू, रक्तदाब अशी बरीच कारणं आहेत, आणि ती आपल्या हातातली आहेत. आमचं कारण हातातलं नाही. पण सापडू शकणारं आहे.

जगात साधारण २५० माणसांमागे एकाला हा दोष असतो असं आज मानतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर होती. म्हणजे त्या आकड्यावरही जवळपास पाच हजार जण. सकाळच्या विरार लोकलमध्ये चार हजार माणसं कोंबलेली धरली, तर त्यातले सोळा. उपचार नसतील तर अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, आणि बायकांपैकी सुमारे तिघींमागे एकीला साठीच्या आत. या सोळा जणांना शोधायचं कसं? सगळ्या गाडीचं रक्त तपासायला नको. एक सापडला की बाकीचे त्याच्या घरात असतात. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. नेदरलँड्सने १९९४ पासून हेच केलं. एक रुग्ण सापडला की त्याच्या नातेवाइकांना गाठून तपासायचं. स्लोव्हेनिया तर १९९५ पासून पाच वर्षांच्या मुलांचंच कोलेस्टेरॉल पाहतं.

आपल्याकडे काय होतं? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून गरिबाची अँजिओप्लास्टी होते, बायपास होते, आणि ही मोठी गोष्ट आहे. पण चाळिशीतल्या रुग्णाला स्टेंट घालून घरी सोडताना त्याच्या मुलांचं रक्त तपासा, असं त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं मी तरी क्वचितच पाहिलंय. तिशीपुढच्यांसाठीच्या सरकारी तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोग आहेत, कोलेस्टेरॉल नाही. शाळकरी मुलांच्या आरोग्य तपासणीतही ते नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितलंय की पहिली लिपिड तपासणी १८ व्या वर्षी करा, आणि घरात इतिहास असेल तर त्याआधीच. शिवाय लिपोप्रोटीन-ए नावाची चाचणी आयुष्यात एकदा तरी करा. तोही वारशानेच येणारा एक घटक आहे. हे वाक्य दिल्लीतून वसईच्या वाडीपर्यंत कोण आणणार?

आणि आपली घरं? आपल्याला घराण्याचं वेड आहे. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आपल्या सहा-सहा पिढ्या सापडतात. ख्रिस्ती घरांच्या बाप्तिस्मा-दफनाच्या नोंदी पॅरिशमध्ये असतात. कोण कुणाचा, कुठली शाखा, सगळं तोंडपाठ. कोण कशाने गेलं, हे मात्र दोन पिढ्यांमागचंही सांगता येत नाही. "हार्टफेल" एवढंच. हृदय तर शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. मृत्यूच्या दाखल्यावरही कारण नसायचं, कारण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दाखल्यावर ते उघड करायलाच मनाई होती. २०२३ च्या दुरुस्तीने आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. तो कागद मागून घ्या. तो मुलांसाठी सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तो लपवतात का, हेही मला ठाऊक आहे. मला दोन मुलं. दोघांचं रक्त तपासलं. मुलगा सुटला. मुलगी १४ वर्षांची, तिचा एलडीएल २१२. रिपोर्ट वाचून तिने विचारलं, "पण मी काय केलं?" नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणाला बोलू नकोस हो, पोरीचं लग्न व्हायचंय." त्यांचं प्रेम मला कळतं. पण असंच न बोलता आमच्या घरात दोन माणसं गेली. मुलीला विचारूनच हे लिहितोय. तिने दोनदा वाचलं आणि एक शब्द बदलायला लावला. मी "आजार" लिहिलं होतं, ती म्हणाली "दोष" लिही, मला अजून आजार झालेला नाही. तिचं बरोबर आहे. ती पोहते, शाळेत खो-खो खेळते, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी घेते. अशा मुलांना जगभर साधारण आठ-दहा वर्षांपासून औषध सुरू करतात. पुढे गरोदरपणात काही काळ ते थांबवावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. काकांच्या दोन्ही मुलांना मी फोन केला. एकाने तपासलं, त्यालाही आहे. दुसरा म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" त्याला महिन्यातून एकदा फोन करतो, आणि करत राहणार.

माझी मागणी छोटी आहे. पुरुष ५५ च्या आत आणि बाई ६५ च्या आत हृदयविकाराने दाखल झाली, तर रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डवर एक ओळ छापावी, "सख्खी भावंडं आणि मुलं यांची लिपिड तपासणी करावी." महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत अशा घरांना ही तपासणी मोफत मिळावी. बाहेर तिला काही शे रुपये लागतात, स्टेंटच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत. ज्ञाती मंडळं, पॅरिश, गणेशोत्सव मंडळं रक्तदान शिबिरं भरवतातच. त्यात हा एक तक्ता लावावा. आणि कुणी माझा आकडा वाचून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका, चालू असलेली बंदही करू नका.

आमच्या धंद्यात निधनवार्तेचा साचा ठरलेला आहे. नाव, गाव, वय, "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन". आणि शेवटची ओळ, "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक भाऊ, विवाहित बहीण असा परिवार आहे." अशा शेकडो ओळी मी टाइप केल्या आहेत. वय पन्नाशीच्या आतलं असेल, तर ती शेवटची ओळ म्हणजे तपासणीची यादी असते. नावं तयार असतात, पत्ता तयार असतो. पुढच्या वेळी मयताला जाल तेव्हा "खायचा काय?" विचारू नका. दहावं-तेरावं उरकलं की त्या यादीतल्या एकाला हाताला धरून लॅबमध्ये घेऊन जा.